ईसारच्या काठाने आल्प्सच्या पायथ्याशी : म्युनिक ते कोखेलझे, खडीच्या रस्त्यांवरून

हवा स्वच्छ असली की म्युनिकमधून आल्प्स अगदी हाताशी आल्यासारखे दिसतात. शहर साधारण ५२० मीटर उंचीवर आणि डोंगरांची पहिली भिंत दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर. मधल्या पट्ट्यात जंगल, दलदल, तळी, कुरणं आणि नद्या. इथल्या गावांना जोडणारे डांबरी रस्ते उत्तम आहेत, पण सुट्टीच्या दिवशी त्यांवर मोटारींची आणि मोटरसायकलींची रीघ लागते. त्याच पट्ट्यात खडीच्या रस्त्यांचं दुसरं जाळं आहे. कुठे नदीच्या काठाने, कुठे कालव्याच्या बांधावरून, कुठे जंगलाच्या पोटातून जाणारं. यातल्या बहुतेक रस्त्यांवर मोटारीला मज्जाव आहे आणि सायकलीला मोकळीक. आम्ही जूनच्या सुरुवातीला याच जाळ्यावरून ईसार नदीच्या उलट दिशेने वर गेलो आणि शेजारच्या लॉयझाख नदीच्या खोऱ्यातून खाली उतरलो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मोठा भाऊ. मी म्युनिकला राहते. दादा साताऱ्याचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, आणि नोकरीतली बरीच वर्षं कोयनानगरला काढलेला. रोज पहाटे सायकल घेऊन यवतेश्वरचा घाट चढणारा माणूस, त्यामुळे त्याच्या दमाची मला काळजी नव्हती. माझी स्वतःची ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीची सायकल, होती, त्याच्यासाठी भाड्याने घेतली. दोन्हींना ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर, हवा बेताची. सामान मागच्या सीटखालच्या लांब पिशवीत आणि हँडलवरच्या गुंडाळीत मावेल तेवढंच.

पहिला दिवस : म्युनिक ते बाड ट्योल्त्स, साधारण ५५ किलोमीटर

सुरुवात डॉइचेस म्युझियमपासून केली. विज्ञान-तंत्रज्ञानाचं हे प्रचंड संग्रहालय ईसारच्या एका बेटावर उभं आहे. १९०३ साली त्याची स्थापना करणारे अभियंते ऑस्कर फॉन मिलर. हे नाव दादाला मुद्दाम सांगून ठेवलं, कारण त्यांचं सर्वांत मोठं काम आम्हाला शेवटच्या दिवशी दिसणार होतं.

शहरातली ईसार आज जशी दिसते तशी ती पूर्वी नव्हती. एकोणिसाव्या शतकापासून तिला सरळ करून दोन्ही बाजूंनी बांधून टाकलं होतं. २००० ते २०११ या काळात आठ किलोमीटरच्या पट्ट्यात काठाचे बांध मोडून पात्र रुंद केलं, उतार सपाट केले आणि नदीला पुन्हा गोट्यांची बेटं करायला जागा दिली. पुराला वाट मिळाली आणि लोकांना नदी मिळाली. सकाळी सातलाही माणसं काठावर पाय सोडून बसलेली होती.

ग्रोसहेस्सेलोहेचा उंच रेल्वे पूल डोक्यावरून गेला की शहर संपतं. पुढे दोन्ही बाजूंना झाडीने झाकलेले कडे आणि मधून नदी. नदीशेजारून वीजकेंद्राचा कालवा जातो आणि त्याच्या बांधावर पांढऱ्या खडीचा रस्ता. चाकाखाली बारीक करकर, डावीकडे संथ पाणी, उजवीकडे बीच वृक्षांची दाट सावली. दादा सायकल थांबवून बांध बघायला लागला.

"हा कालव्याचा सेवारस्ताच आहे गं," तो म्हणाला. "आपल्याकडे प्रत्येक मोठ्या कालव्याला असतो. देखभालीची जीप जावी म्हणून ठेवलेला."

"मग इथे काय वेगळं केलंय त्यांनी?"

"काही नाही. फक्त लोकांना येऊ दिलंय आणि मोटारींना नाही."

हे वाक्य मला पुढे चारही दिवस आठवत राहिलं. निरा, कृष्णा, भीमेच्या खोऱ्यांत अशा रस्त्यांची लांबी शेकडो किलोमीटर भरेल. त्यांतले थोडे जरी खडी दाबून, झाडं लावून, तोंडाशी आडवा खांब घालून सायकलींना खुले केले, तर मुलांना शाळेत जायला सुरक्षित वाट मिळेल. मला हे मनापासून व्हावंसं वाटतं.

दुपारच्या आत पाण्यावरून बँडचा आवाज आला. ओंडक्यांचा मोठा तराफा वोल्फ्रात्सहाउझेनहून म्युनिककडे चालला होता, वर बाकं, माणसं, बिअरचं पिंप आणि वाजंत्री. आता ही सहल झाली, पण एके काळी म्युनिक बांधलं गेलं ते याच तराफ्यांवरून आलेल्या लाकडाने आणि चुन्याने. डोंगरातलं झाड तोडायचं, ओंडके बांधायचे, त्यावर माल लादायचा आणि पोहोचल्यावर तराफाही विकून टाकायचा. तराफेवाले घरी चालत परतायचे, हातात दोर आणि कुऱ्हाड घेऊन.

जेवण शेफ्टलार्न मठाच्या अलीकडे एका बिअर गार्डनमध्ये केलं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, पारंपरिक बिअर गार्डनला घरचं खाणं नेता येतं, पेय तेवढं तिथलं घ्यायचं. चेस्टनटच्या झाडाखाली दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वर गार सफरचंदाचा सोडा. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी चटणी चाखली आणि आपला मुळा आमच्यापुढे सरकवला. मठ ७६२ सालचा. आत डोकावलो, थंडाव्यात दोन मिनिटं बसलो, निघालो.

वोल्फ्रात्सहाउझेनच्या जरा खाली लॉयझाख ईसारला मिळते. संगमावर दादा बराच वेळ दोन्ही प्रवाह निरखत होता. "ही उपनदी आहे ना? मग हिला एवढं पाणी कुठून?" मी म्हटलं, चौथ्या दिवशी सांगते.

संगमाच्या वरचा पुपलिंगर आउ हा नदीकाठच्या विरळ पाइन जंगलाचा राखीव भाग. जमीन म्हणजे नदीने टाकलेले गोटे आणि वर मातीचा पातळ थर. या कोरड्या, चुनखडीच्या जमिनीवर ऑर्किड छान येतात. पिवळ्या फुग्यासारखी पाकळी असलेलं लेडीज स्लिपर ऑर्किड वाटेपासून थोड्या अंतरावर फुललं होतं. गोट्यांच्या बेटांवर मात्र पाय ठेवायचा नाही, तशा पाट्याच आहेत. कंठेरी चिखल्यासारखे छोटे पाणपक्षी उघड्या गोट्यांतच अंडी घालतात, आणि अंड्यांचा रंग गोट्यांत असा मिसळतो की पायाखाली आली तरी कळत नाही.

संध्याकाळी बाड ट्योल्त्स. उतरता, फरसबंद बाजाररस्ता आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या दर्शनी भिंतींवर चित्रं. खाल्लं आणि झोपलो.

दुसरा दिवस : ट्योल्त्स ते वालगाऊ

लेंगग्रीसपर्यंतची वाट नदीला धरून, सपाट, सकाळच्या गारव्यात भर्रकन संपणारी. त्यानंतर खोरं अरुंद होत गेलं, आणि समोर झिल्वेनश्टाइनचं धरण उभं राहिलं.

इथून दादाला हलवणं कठीण होतं. मातीचं धरण, १९५४ ते १९५९ या काळात बांधलेलं. त्यामागची गोष्ट सांगितल्याशिवाय ही नदी कळत नाही. १९२०च्या दशकात ईसारचं वरचं पाणी वीजनिर्मितीसाठी वाल्खेनझे तलावाकडे वळवलं गेलं. पुढे तिचा उपप्रवाह रिसबाखही वळवला. त्यामुळे कोरड्या महिन्यांत ट्योल्त्सपाशी नदीत पाणीच उरेना आणि पावसाळी दिवसांत मात्र पूर यायचे. झिल्वेनश्टाइन दोन्हींसाठी बांधलं : पूर अडवायला आणि उन्हाळ्यात-हिवाळ्यात थोडं थोडं पाणी सोडत राहायला. २००५च्या ऑगस्टमधल्या मोठ्या पुरात म्युनिक वाचलं त्यात या धरणाचा मोठा वाटा होता.

धरणाखाली फाल नावाचं गाव गेलं. लाकूडतोडे आणि तराफेवाल्यांची वस्ती होती ती. जवळच उंचावर नवं फाल वसवलं. आम्ही त्या गावात पाण्याच्या बाटल्या भरल्या. दादा एरवी बोलका, इथे गप्प होता. नंतर पुलावर म्हणाला, "कोयनेची माणसं कुठे कुठे गेली माहितेय? सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड. गाव एकत्र नाही राहिलं. इथे निदान डोळ्यांसमोर तरी राहिलं."

धरण पाणी अडवतं तसे गोटेही अडवतं. पूर्वी डोंगरातून घरंगळत येणारी खडी म्युनिकपर्यंत पोहोचायची. आता ती जलाशयाच्या वरच्या टोकाला साचते, आणि खालची उपाशी नदी आपलाच तळ खरवडत खोल जाते. म्हणून जलाशयात येणारे गोटे काढून ट्रकने धरणाच्या खाली नेऊन टाकतात. नदी पुढचं काम स्वतः करते.

फाल ते फोर्डररिस हा टप्पा डांबरी आहे आणि मोटारींबरोबर वाटून घ्यावा लागतो. संपूर्ण वाटेवरचा हा एकच भाग मला नकोसा वाटतो. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सकाळी लवकर पार करावा. शनिवारी दुपारी इथे लहान मुलांना घेऊन जाऊच नये.

फोर्डररिसनंतर मात्र या प्रवासाचं सोनं आहे. वालगाऊपर्यंतचा रस्ता खासगी आहे, मोटारींना टोल, सायकलींना नाही, त्यामुळे मोटारी तुरळक. आणि बाजूला ईसार. इथे तिला कोणी बांधलेलं नाही. शेकडो मीटर रुंद पांढऱ्याशुभ्र गोट्यांचं पात्र, त्यात हिरवट निळ्या पाण्याच्या चार-पाच धारा, एकमेकींत शिरणाऱ्या, पुन्हा सुटणाऱ्या. प्रत्येक पुरात धारा जागा बदलतात. कालचं बेट आज पाण्यात, कालची धार आज कोरडी. पलीकडे कारवेंडेल पर्वताचे करडे कडे, त्यांच्या घळींत अजून बर्फ.

अशा उलथापालथीवरच जगणारी एक वनस्पती इथे आहे, जर्मन टॅमरिस्क. निळसर हिरवी, कमरेएवढी झुडपं, टोकाला फिक्या गुलाबी फुलांचे तुरे. तिचं बी रुजायला पुराने नुकताच धुऊन टाकलेला, उघडा, ओलसर गोट्यांचा पट्टा लागतो. जरा माती साचली, विलो आणि पाइन वाढले, की सावलीत ती मरते. आल्प्सच्या बहुतेक नद्या बांधल्या गेल्या, तशी तीही गेली. इथे आहे, कारण इथे नदीला अजून मोडतोड करायची मुभा आहे. आम्ही काठावर सायकली आडव्या ठेवून बसलो, पाणी बघत. पाण्यात हात घातला तर मनगट बधिर झालं.

गाई रस्त्यावरच होत्या. गळ्यातल्या घंटा वाजवत, आमच्यासाठी जागा न सोडता. गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या जाळीवरून चाकं खडखडत गेली, वासरं दचकली. मग आम्हीच उतरून चालत गेलो.

वालगाऊला पोचेपर्यंत सहा वाजले. ८६६ मीटर उंचीचं, चित्रांनी रंगवलेल्या घरांचं गाव. चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे अंड्याच्या मऊ शेवया, आणि वर तळलेला कांदा. दादाने दोन ताटल्या संपवल्या.

तिसरा दिवस : वाल्खेनझे आणि एशेनलाइनचं खोरं

सकाळी आधी थोडं दक्षिणेला, क्र्युनच्या बंधाऱ्यावर. ईसारचं पाणी वळवतात ती हीच जागा. बंधाऱ्याच्या वर भरलेली नदी, बाजूला कालव्याचं तोंड, आणि खाली रुंद पात्रात उरलेली एक धार. १९९० पर्यंत हीसुद्धा नव्हती. कोरड्या काळात बंधाऱ्याखाली नदी जवळजवळ नाहीशी व्हायची. त्यानंतर ठरावीक पाणी सोडणं बंधनकारक झालं. काल आम्ही ज्या धारा बघत बसलो होतो त्या कुणीतरी भांडून मिळवलेल्या होत्या.

कालवा आणि बोगद्यातून ते पाणी वाल्खेनझेत जातं. आम्हीही तिकडेच. तलाव ८०० मीटर उंचीवर, १९० मीटरच्या आसपास खोल, पाणी फिरोजी. दक्षिण काठाचा रस्ता अरुंद, झाडीतला, जवळपास रिकामा. एका छोट्या खाडीत पोहलो. जूनमध्ये पाणी गारच असतं, पण बाहेर आल्यावर उन्हात तापलेल्या गोट्यांवर पाठ टेकण्यासारखं सुख नाही.

तलावाच्या पश्चिम बाजूने एशेनलाइनच्या खोऱ्यात शिरणारा जंगलरस्ता निघतो. तोंडाशी अडसर. लाकडाचा ट्रक आणि जंगलाची गाडी सोडून कुणाला आत प्रवेश नाही, अडसराच्या बाजूने सायकल जाईल एवढी फट. बव्हेरियाच्या १९४६च्या राज्यघटनेतल्या १४१व्या कलमात लिहिलंय की निसर्गसौंदर्याचा आस्वाद घेणं, रानात आणि डोंगरकुरणांवर जाणं, रानमेवा वेचणं हा सर्वांचा हक्क आहे. सायकलीला तो हक्क योग्य अशा वाटा-रस्त्यांपुरता. जमीन सरकारी असो वा खासगी. दादाने हे ऐकून विचारलं, "रानमेवासुद्धा घटनेत?" आणि वाटेतली रानटी स्ट्रॉबेरी तोडून तोंडात टाकली.

हक्काबरोबर रीत आहे, आणि ती पाळली तरच हे टिकेल. कुरणाचं फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. वृक्षतोडीचा फलक आडवा लावलेला असेल तर परत फिरायचं, यंत्राचा आवाज येत नसला तरी. अर्धवट कापलेलं झाड कधी कलंडेल सांगता येत नाही.

हा रस्ता मुळात लाकडासाठी आहे. चाळीस टनांचा ट्रक पेलायचा म्हणून खाली मोठे दगड, वर लहान खडी आणि सर्वांत वर चुनखडीची बारीक भुकटी. पाणी मारून रोलर फिरवला की भुकटी दगडांमध्ये घट्ट बसते, डांबराची गरज उरत नाही. मधोमध उंचवटा, पाणी दोन्हीकडे ओघळावं म्हणून. चढावर ठरावीक अंतराने लाकडाच्या किंवा लोखंडाच्या आडव्या चरी, म्हणजे पावसाचं पाणी रस्ता खरवडायच्या आत कडेला निघून जातं. या चरी उतारावर नीट बघून, अगदी काटकोनात ओलांडायच्या, तिरपं चाक गेलं तर अडकतं. दादाच्या मते अख्ख्या प्रवासातलं सर्वांत उत्तम बांधकाम हेच होतं, धरणापेक्षाही. मला ते पटतं. घाटातल्या आपल्या कच्च्या रस्त्यांची पहिल्या पावसात दैना होते ती पाण्याला वाट न ठेवल्यामुळे.

सुरुवातीला चढ आहे. मग रस्ता माथ्यावर येऊन हळूहळू उतरायला लागतो, आणि खाली दरीत ओढा. डावीकडे एस्टर पर्वतरांग, उजवीकडे हाइमगार्टन. स्प्रूसच्या ओंडक्यांचे ढीग, त्यांचा राळेचा वास. तासाभरात भेटले ते दोन सायकलवाले आणि एक वनकर्मचारी. बाकी पाखरं, पाणी आणि चाकांची करकर.

तीनच्या सुमारास ढग जमले. जूनमध्ये इथे दुपारी वादळ यायचंच. सकाळचं ऊन दऱ्याखोऱ्यांत तापतं, वाफ वर चढते आणि डोंगराला अडून फुटते. एका बंद लाकडी झोपडीच्या वळचणीला अर्धा तास थांबलो. गारा पडल्या. पाऊस थांबल्यावर रस्त्यावर पाणी साचलं नव्हतं, सगळं चरींतून निघून गेलं होतं, आणि दादा चर बघायला पुन्हा उतरला. खालच्या टोकाला आसामक्लाम ही अरुंद घळ आहे. तिथली पायवाट चालणाऱ्यांची. सायकली वर लावून थोडं उतरून बघून आलो.

मुक्काम एशेनलोहेत.

चौथा दिवस : दलदल, मुर्नाउ आणि सहा नळ

एशेनलोहेच्या उत्तरेला डोंगर एकदम बाजूला होतात आणि मुर्नाउची दलदल पसरते, सुमारे ३२ चौरस किलोमीटर. मध्य युरोपात एवढी सलग दलदल आता फारशी उरलेली नाही. हिमनदी मागे हटल्यावर इथे तळं होतं, ते भरत गेलं आणि हजारो वर्षांत शेवाळाचा थरावर थर साचून पीट झालं. जूनमध्ये निळ्या सायबेरियन आयरिसचे ताटवे. दलदलीतून मधेच खडकाळ, झाडीने भरलेल्या टेकड्या बेटांसारख्या वर येतात. त्यांतल्या एका टेकडीचा दगड इतका कठीण की रुळांखालच्या खडीसाठी ती कित्येक दशकं फोडली गेली. २०००च्या आसपास खाण बंद झाली.

मुर्नाउत गाब्रिएले म्युंटर यांचं घर बघितलं. १९०९ ते १९१४ त्या आणि वासिली कांडिन्स्की इथे राहत, चित्रं काढत. नाझी काळात कांडिन्स्कींची आणि इतरांची चित्रं त्यांनी याच घराच्या तळघरात लपवून जपली आणि १९५७ साली म्युनिकच्या संग्रहालयाला देऊन टाकली. जिन्याच्या कडेला कांडिन्स्कींनी रंगवलेले घोडेस्वार आहेत. त्यापुढे दादा सर्वांत जास्त वेळ थांबला.

दुपारी लॉयझाखच्या मागाने श्लेडॉर्फ आणि तिथून दलदलीतल्या सरळ वाटांनी कोखेलझे तलावाला वळसा. श्लेडॉर्फ ते कोखेल थेट जाणारी कड्याखालची वाट फक्त चालणाऱ्यांसाठी आहे, तिच्या मोहात पडू नये.

आणि मग तलावाच्या दक्षिण टोकाला डोंगरावरून खाली आलेले सहा जाड नळ. वाल्खेनझे वर ८०० मीटरला, कोखेलझे खाली ६०० मीटरला. मधला २०० मीटरचा फरक वापरायची कल्पना ऑस्कर फॉन मिलर यांनी तडीस नेली, आणि १९२४ साली केंद्र सुरू झालं. क्षमता १२४ मेगावॅट. आठ यंत्रं : चार सर्वसाधारण विजेसाठी, चार रेल्वेच्या वेगळ्या वारंवारितेच्या विजेसाठी.

दादाने पाहताक्षणी ओळखलं. "हे तर पोफळी!" पोफळीच्या वीजकेंद्रासाठी कोयनेचं पाणी सह्याद्री पोखरून पश्चिमेला कोकणात सोडलं, उंचीचा फायदा घेऊन. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट, हिच्या पंधरापटीहून जास्त. पण एक फरक त्याला लगेच दिसला. कोयनेचं पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं, कृष्णेला परत मिळत नाही. इथे क्र्युनला उचललेलं ईसारचं पाणी वाल्खेनझे, हे नळ, कोखेलझे आणि लॉयझाख असं फिरून वोल्फ्रात्सहाउझेनला पुन्हा ईसारमध्येच येतं.

"म्हणजे संगमावर लॉयझाखला जे जादा पाणी होतं, ते ईसारचंच होतं," तो म्हणाला.

मधल्या पट्ट्यातल्या नदीने मात्र किंमत मोजली, हेही त्यानेच जोडलं. केंद्राच्या माहितीदालनात तो तासभर रमला आणि मी बाहेर सायकलींच्या साखळ्या पुसून तेल दिलं. चुनखडीची धूळ साखळीत बसली की दगडासारखी घट्ट होते, रोज संध्याकाळी पुसावीच लागते.

कोखेलहून म्युनिकला प्रादेशिक गाडी आहे. सायकलीचं तिकीट वेगळं काढायचं. रविवारी संध्याकाळी सायकलींची जागा भरते, म्हणून परतीचा दिवस मधला ठेवला तर बरं. जायला मे अखेर ते सप्टेंबर योग्य. त्याआधी एशेनलाइनच्या वाटेवर बर्फ आणि पडलेली झाडं असू शकतात. सकाळी लवकर निघून दोनच्या आत मोठा चढ संपवावा. चाळीस मिलिमीटरहून अरुंद टायर या खडीवर मला नको वाटतात. आणि ज्यांना फालचा डांबरी टप्पा टाळायचा आहे त्यांनी लेंगग्रीसहून याखेनाउच्या खोऱ्यातून थेट वाल्खेनझे गाठावं. वाट छान आहे, पण वरच्या ईसारच्या त्या धारा मग दिसत नाहीत.